पुलाखालची वाट

पूल बांधणाऱ्याची दृष्टि रस्त्यावर असते. खालच्या नावेची काळजी नावाड्यानें वाहावी. इंग्लंडच्या पूर्वेस, नॉर्फोकमध्यें थर्न नदीवर पॉटर हायम येथें असाच एक मध्ययुगीन दगडी पूल आहे. मधली कमान अर्धवर्तुळाकार; नाव हातभर बाजूला सरली, कीं छपराचा कोपरा दगडाला लागलाच.

एकोणिसाव्या शतकांत या भागांत कोळसा व धान्य वाहणाऱ्या 'व्हेरी' नांवाच्या शिडाच्या नावा होत्या. त्यांच्या डोलकाठीच्या बुडाशीं शिशाचें वजन असे. पूल जवळ येतांच नावाडी शीड उतरवून काठी आडवी करी, उरल्या वेगावर कमानींतून निसटे आणि पलीकडे ती पुन्हां उभी करी. सारें काम दोघांचें! १८९८ सालची 'अल्बियन' ही तसली नाव १९४९ मध्यें स्थापन झालेल्या एका न्यासानें जतन केली आहे.

पुढें सहलीच्या मोटार-क्रूझर आल्या. त्यांची केबिन कांहीं आडवी होईना! मग ओहोटी साधावयाची, पुलापाशीं लावलेली उंचीची पट्टी वाचावयाची, आणि नाव भाड्याची असल्यास सुकाणू स्थानिक वाटाड्याच्या हातीं द्यावयाचें. पाऊस किंवा उत्तरेचा वारा पाणी चढवी, त्या दिवशीं पुलावरच्या अंगाचें हिकलिंगचें विस्तीर्ण तळें जवळ असून दूर राही. आधींच पलीकडे गेलेल्या क्रूझरला तर पाणी उतरेपर्यंत तेथेंच अडकून पडावें लागे.