सोळा किलोच का? केटलबेलचा इतिहास

आजचा भाग एका साध्या प्रश्नानं सुरू करतो. जिममधल्या केटलबेलच्या रॅककडे कधी नीट बघितलंय का? डंबेल्स कसे ५, साडेसात, १०, साडेबारा असे शिस्तीत चढत जातात. केटलबेल मात्र ८, १६, २४, ३२. सॉफ्टवेअरवाल्या माणसाला ८, १६, ३२ दिसले की हात शिवशिवतात, पण इथे बायनरीचा काही संबंध नाही. संबंध आहे धान्याच्या तराजूचा.

रशियात वजनाचं एक जुनं एकक होतं, पूड. आपली हळदीची पूड नव्हे. एक पूड म्हणजे ४० रशियन फुंट, आजच्या हिशेबात १६.३८ किलो. बाजारात धान्य तोलायला लोखंडी वजनं लागायची, आणि एवढं जड वजन उचलून तराजूत टाकायचं तर वर धरायला कडी हवीच. या कडीवाल्या वजनाला रशियनमध्ये म्हणतात ‘गिऱ्या’. दिवसभर गिऱ्या उचलणारी माणसं जत्रेत एकमेकांशी पैज लावणार नाहीत तर काय करतील? आपल्याकडे गावोगावी दगडी गोटी उचलायच्या पैजा लागायच्या, तोच प्रकार. व्यायामाचं साधन म्हणून हे कुणी ठरवून बनवलंच नाही. ते होतं बाजाराचं माप.

१९१८ मध्ये नव्या सोव्हिएत सरकारनं मेट्रिक पद्धतीचा हुकूम काढला. पूड कागदावरून गेला, पण गिऱ्या राहिल्या. १६.३८ चे झाले १६, दीड पुडाचे २४, दोन पुडांचे ३२. आपल्या सराफाकडेही हेच झालंय. तोळा मुळात ११.६६ ग्रॅमचा. आज सराफ ‘एक तोळा’ म्हणतो आणि १० ग्रॅम देतो. एकक मेलं, नाव आणि सवय उरली. आमच्या धंद्यात याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. पुण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या जिममध्ये १६ किलोची केटलबेल हातात घेतली, की आपण झारच्या काळातलं धान्याचं माप उचलत असतो. मला तर हे भारी वाटतं.

बाजारातून ही गिऱ्या व्यायामशाळेत नेली एका डॉक्टरनं. व्लादिस्लाव क्रायेव्स्की, जन्म १८४१, वॉर्सा. सेंट पीटर्सबर्गमध्ये डॉक्टरी करायचा. १८८५ च्या ऑगस्टमध्ये त्यानं आपल्या घरी हौशी मंडळींचं एक मंडळ सुरू केलं. रशियातल्या वेटलिफ्टिंगचा वाढदिवस म्हणून आजही तीच तारीख धरतात. गडी तेव्हा चव्वेचाळिशीत होता, पंचविशीतला पैलवान नव्हता. पेशंटला सांगायचं आणि स्वतः करायचं नाही, असला प्रकार नव्हता. ताकद वाढवण्यावर त्यानं पुस्तक लिहिलं, त्याच्या नावाचा अर्थच असा की ‘गिऱ्यांच्या मदतीनं आणि गिऱ्यांशिवाय’. म्हणजे भक्त असूनही आंधळा नव्हता.

त्याचा सगळ्यात गाजलेला चेला जॉर्ज हॅकेनश्मिट. एस्टोनियातल्या आजच्या तार्तूचा. हाताला दुखापत झाली म्हणून डॉक्टरकडे गेला, तर डॉक्टर निघाला क्रायेव्स्की. त्यानं हा पोरगा हेरला, पीटर्सबर्गला बोलावलं आणि स्वतःच्या घरी ठेवून घेऊन तयार केलं. वस्ताद पठ्ठ्याला तालमीत ठेवून घेतो, अगदी तसंच. हाच हॅकेनश्मिट १९०५ मध्ये न्यूयॉर्कला टॉम जेंकिन्सला हरवून फ्री स्टाईल कुस्तीचा जगज्जेता झाला.

तालमीचा विषय निघालाच आहे तर एक आडवाट घेतो. केटलबेल आणि डंबेलमध्ये नेमका फरक काय? डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं असतं. केटलबेलचं वजन मुठीच्या बाहेर लटकतं, म्हणून ते झोका घेतं आणि प्रत्येक झोक्याला तुम्हाला ओढून नेऊ बघतं. आता मुद्गल आठवा. तिथेही मूठ एका टोकाला आणि वजन दुसऱ्या टोकाला. लाल मातीत जोर-बैठका काढून मुद्गल फिरवणाऱ्याला हे तत्त्व नवीन नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकाऱ्यांनी हे मुद्गल विलायतेला नेले, तिथे ते ‘इंडियन क्लब्ज’ झाले, आणि १९०४ व १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धाही झाली! त्यामुळे कुणी केटलबेलला ‘एकदम मॉडर्न फंक्शनल ट्रेनिंग’ म्हणालं की मी नुसता हसतो.

सोव्हिएत काळात हा खेळ गावात, कारखान्यात आणि सैन्यात पसरला. नियमांचं पुस्तक मात्र उशिरा आलं, पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९८५ मध्ये लिपेत्स्कला झाली. आजच्या स्पर्धेत दहा मिनिटं मिळतात, त्या वेळात गिऱ्या खाली न टेकवता जास्तीत जास्त वेळा डोक्यावर न्यायची. जड वजन एकदा उचलण्यापेक्षा मध्यम वजन शेकडो वेळा उचलणं, हा त्याचा गाभा. दमसास आणि ताकद यांची इथे सांगड आहे.

अमेरिकेत ही लाट आणली मिन्स्कमध्ये जन्मलेल्या पावेल त्सात्सुलिननं. १९९८ मध्ये त्यानं ‘मायलो’ या ताकदवाल्यांच्या मासिकात रशियन छंदांवर एक गमतीदार लेख लिहिला, त्यात गिऱ्याही होत्या. वाचकांनी तो इतका उचलून धरला की २००१ मध्ये त्याचं पुस्तक, प्रशिक्षकांचा सर्टिफिकेट कोर्स आणि अमेरिकेत ओतलेल्या रशियन धाटणीच्या केटलबेल, सगळं एकदमच आलं. विक्रीचा थाट होता ‘सोव्हिएत कमांडोंचं गुपित’. आता मला सांगा, जी वस्तू खेड्यातल्या धान्यबाजारात पडलेली असायची, तिचं गुपित कसलं? पण खप झाला. आणि पावेलचं श्रेय नाकारता येत नाही. स्विंग कसा मारायचा हे त्यानं इतक्या काटेकोरपणे शिकवलं, की प्रयोगशाळेतल्या लोकांना मोजण्यासारखं काहीतरी हाती लागलं.

तर आता मोजमापाकडे येऊ, कारण ‘फायदे’ ऐकायला तुम्ही थांबला असाल. २०१० च्या एका प्रयोगात १० तरुणांना १६ किलोची केटलबेल देऊन १२ मिनिटांत जमतील तेवढे स्विंग मारायला सांगितलं. सरासरी २६५ स्विंग झाले आणि हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ८७ टक्क्यांवर गेले. जागेवरून एक पाऊल न हलता! २०१२ मध्ये लेक आणि लॉडर या दोघांनी सहा आठवडे, आठवड्यातून दोनदा, फक्त १२ मिनिटांचा स्विंगचा कार्यक्रम करून घेतला. ३० सेकंद स्विंग, ३० सेकंद आराम. अर्ध्या स्क्वॉटची ताकद जवळपास १० टक्के वाढली, उभी उडी जवळपास २० टक्के.

माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग डेन्मार्कचा, २०११ चा. ज्या कामांमध्ये मान-पाठ दुखण्याचं प्रमाण जास्त, अशा नोकऱ्यांमधली ४० माणसं घेतली. सरासरी वय ४४, बहुतेक स्त्रिया. निम्म्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा केटलबेल. मान-खांद्याचं दुखणं दुसऱ्या गटाच्या तुलनेत २.१ अंकांनी उतरलं, कंबरेचं १.४ नं, पाठीचे स्नायू बळकट झाले. पण दमसास वाढला नाही. ठोके ८७ टक्क्यांवर नेणारा व्यायाम, आणि आठ आठवड्यांनी दमसास जिथल्या तिथे! म्हणून ‘कार्डिओची गरजच नाही’ असं इन्स्टाग्रामवर कुणी सांगितलं तर जरा सबुरीनं घ्या. ४० माणसं म्हणजे काही मोठा आकडा नाही, हेही लक्षात असू द्या.

आणि पाठ दुखणाऱ्यांनी पुढचं नीट ऐका. कॅनडातले स्टुअर्ट मॅकगिल हे मणक्याच्या यांत्रिकीतलं मोठं नाव. २०१२ मध्ये त्यांनी १६ किलोच्या स्विंगमध्ये मणक्यावर येणारा भार काढला. सुरुवातीच्या क्षणी दाब जवळपास ३,२०० न्यूटन, म्हणजे सव्वातीनशे किलो ठेवल्यासारखा. तेवढा दाब निरोगी पाठ सोसते. पण खरी गोम दिशेत आहे. नेहमीच्या वजन उचलण्यात मणक्यावर जी घसट येते, तिच्या उलट दिशेनं स्विंगमध्ये येते. वरचा मणका मागे ओढला जातो. त्यामुळे एखाद्याला जड डेडलिफ्ट चालतं आणि हलका स्विंग मात्र खुपतो, असं होऊ शकतं. दुसऱ्या एखाद्याला याच स्विंगनं आराम पडतो. ‘पाठदुखीवर केटलबेल’ हे सरसकट औषध नाही, ते यामुळे.

दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत काढणाऱ्या माझ्यासारख्यांसाठी स्विंगचं मोल एका गोष्टीत आहे. तो मांडीच्या मागच्या आणि नितंबाच्या स्नायूंना कामाला लावतो, म्हणजे बसून बसून जे झोपी गेलेत त्यांनाच. त्यासाठी खाली बसायचं नसतं, कंबरेत वाकायचं असतं. पाठ सरळ, ढुंगण मागे, आणि मग झटका कंबरेचा, हातांचा नाही. हात म्हणजे नुसता दोर. खांदे भरून येत असतील तर तुम्ही केटलबेल हातानं उचलताय, फेकत नाही आहात. पाठीचं जुनं दुखणं असेल तर आधी डॉक्टर, मग फिजिओ, मग रॅक. सुरुवात ८ किंवा १२ नं करा. १६ चा पूड कुठे पळून जात नाही.

पुढच्या भागात सॅन्डो येतोय, तोच, ज्याच्या नावानं आपण बनियन घालतो. १९०५ च्या आसपास तो हिंदुस्थानात येऊन गेला होता. तोवर, भेटू.