गुरूंनी सोडलेला धागा

आमच्या सीमाभागातली मराठी-कन्नड दोन्ही घरांतली मुले पी.यू.च्या दुसऱ्या वर्षी ‘ग्रिन्यार अभिकारक’ हे नाव घोकतात. मी इतिहासाचा शिक्षक. मला कुतूहल त्या नावामागच्या माणसाचे आणि त्याच्याही मागे उभ्या असलेल्या गुरूचे.

व्हिक्टर ग्रिन्यार यांचा जन्म १८७१ साली फ्रान्समधील शेरबूर या बंदरगावी झाला. वडील जहाजांची शिडे बनवीत. मुलाची ओढ गणिताकडे; पण १८९२ मध्ये पदवीपरीक्षेत अपयश आले. १८९४ मध्ये पदवी मिळाली, तरी रसायनशास्त्राकडे ते वळले ते एका मित्राच्या आग्रहामुळे, काहीसे नाखुशीनेच. लिआँ येथे त्यांना फिलिप बार्बिए हे गुरू लाभले.

कार्बनला कार्बन जोडणे हे सेंद्रिय रसायनशास्त्राचे सुतारकाम होय. त्यासाठी पूर्वी जस्ताची संयुगे वापरीत. त्यांतली काही हवा लागताच पेट घेत. बार्बिए यांनी १८९९ मध्ये जस्ताऐवजी मॅग्नेशियम वापरून पाहिले. क्रिया घडली, पण तिचा भरवसा नव्हता. हा धागा त्यांनी शिष्याच्या हाती दिला.

ग्रिन्यार यांनी केले ते एवढेच, की क्रम बदलला. सारे पदार्थ एकदम घालण्याऐवजी त्यांनी आधी कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियम आणि सेंद्रिय हॅलाइड यांचे संयुग तयार केले. मग त्यात आल्डिहाइड किंवा कीटोन मिसळला. पाण्याचा अंश तेवढा लागू द्यायचा नाही. १९०० साली त्यांचा छोटा निबंध प्रसिद्ध झाला, १९०१ मध्ये प्रबंध पुरा झाला आणि १९१२ मध्ये तुलूझचे पॉल साबातिए यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९३५ साली ते वारले, तोवर या अभिकारकाच्या उपयोगांवर सुमारे सहा हजार निबंध लिहिले गेले होते.

बार्बिए यांना पारितोषिकात वाटा नव्हता. ग्रिन्यार यांना ते खटकले. तो मान आपण आणि बार्बिए यांना मिळून लाभला असता तर बरे झाले असते, असे त्यांनी एका पत्रात कळवले होते.

वाचकहो, आपण शिक्षक मुलांना सहसा सुटलेलीच गणिते देतो. न सुटलेले गणित देण्यात आपले अपुरेपण उघडे पडते आणि श्रेयही हातचे जाते. तरी विद्या पुढे जाते ती त्याच वाटेने. शिष्याने मात्र गुरूचे नाव घ्यायला विसरू नये. सगळे पदार्थ एकाच वेळी घालण्याच्या त्या जुन्या रीतीला रसायनशास्त्रज्ञ आजही ‘बार्बिए अभिक्रिया’च म्हणतात.