वैतरणा : नावाचा अर्थ आणि नदीचा मार्ग

विरारहून उत्तरेस जाणारी आगगाडी जो रुंद पूल ओलांडते, त्याखालचे खारे पाणी पाहून ही डोंगरकन्या आहे असे कोणास वाटणार नाही. परंतु श्रोतेहो, तिचा उगम त्र्यंबकच्या डोंगरांत आहे. त्याच डोंगरांतून गोदावरी पूर्वेस निघाली आणि सुमारे 1465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळाली. वैतरणेने पश्चिमेची उतरण धरली. पिंजाळ, सूर्या आणि तानसा यांना पोटात घेऊन सुमारे दीडशे किलोमीटरांतच तिने अर्नाळ्यापाशी समुद्र गाठला.

आता नावाकडे वळू. वैतरणी म्हटले की आपणांस यमलोकीची नदी आणि गोदान आठवते. परंतु या शब्दाच्या मुळाशी ‘तॄ’, म्हणजे पार जाणे, हा धातू आहे. आपले ‘तरणे’ व ‘तारू’ हे शब्द त्याच कुळातले. ओडिशातही वैतरणी आहे आणि महाभारताच्या वनपर्वात कलिंगातल्या त्या नदीवर पांडव जातात. म्हणजे भय हा या नावाचा मूळ अर्थ नव्हे. मूळ अर्थ पैलतीराचा.

पैलतीराला नेणे हे प्राचीनांनी पुण्यकर्म मानले होते. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यातील लेखात इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा व दाहनुका या नद्यांवर फुकट नावा ठेवल्याचे नमूद केले आहे. त्याच लेखात शोर्पारग, म्हणजे आपले सोपारे, हेही येते. वैतरणा त्या यादीत नाही. तरी उत्तरेकडून पायवाटेने सोपाऱ्यास येणाऱ्याला ती ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे रेल्वेचे पूल झाले आणि नदी उतरण्याचे कष्ट सरले. मग माणसाने नदी ओलांडण्याऐवजी अडविण्यास आरंभ केला. 1892 मध्ये तानसेचे पाणी मुंबईस गेले. 1957 मध्ये वैतरणेवरील धरणाचे पाणी गेले. त्या जलाशयाला मोडक या अभियंत्याचे नाव मिळाले. मुंबईकर ‘मोडकसागर’ म्हणतो तेव्हा तो वैतरणेचेच पाणी पीत असतो. वसई-विरारच्या नळांना मुख्यतः पाणी येते तेही तिच्याच उपनदीचे, सूर्येचे.

तलावांची नावे पाठ झाली आणि नदी विस्मरणात गेली, हे बरे नव्हे. वर अडवलेले पाणी खाली उतरत नाही आणि मुखाशी भरतीचे राज्य चालते. जिच्या नावातच तारून नेणे आहे, तिला आपणही काही देणे लागतो. निदान त्र्यंबकपासून अर्नाळ्यापर्यंत ती एकच नदी आहे, एवढे तरी आपण ध्यानी ठेवावे.