इगतपुरी : समारंभस्थळांकडील शाश्वत प्रवास

मैफल, प्रदर्शन, यात्रा, शिबिर अशा निमित्ताने एका ठिकाणी जमणाऱ्या लोकांनी खाजगी मोटारीऐवजी रेल्वे, एसटी किंवा सामायिक वाहनाने अथवा पायी यावे, यासाठी केलेली व्यवस्था. अशा कार्यक्रमांमुळे होणाऱ्या कर्ब उत्सर्जनात येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या प्रवासाचा वाटा बहुधा सर्वांत मोठा असतो. जर्मनीत अनेक मैफलींच्या तिकिटातच शहरातील बस-रेल्वेचे भाडे धरलेले असते. जानेवारी २०२५ मध्ये अहमदाबादच्या कोल्डप्ले मैफलींसाठी पश्चिम रेल्वेने मुंबईहून विशेष गाड्या सोडल्या. नाशिक जिल्ह्यातील इगतपुरीला मात्र बाहेरून येणाऱ्यांना ही सवय लावली ती रेल्वेच्या थांब्याने.

घाट व थांबा : कसारा ते इगतपुरी हा थळ घाट (कसारा घाट) ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने १८६५ मध्ये खुला केला. सुमारे १५ किमी. लांबीत लोहमार्ग जवळजवळ ३०० मी. चढतो, सर्वांत तीव्र चढण ३७ स एक. एका इंजिनाला ती झेपत नाही, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिने जोडतात आणि इगतपुरीला सोडवतात. उतरणीच्या गाड्यांचे ब्रेकही घाटात शिरण्याआधी येथेच तपासले जातात. शिवाय बरीच वर्षे डीसी प्रवाहाची इंजिने काढून एसीची जोडण्याचे ठिकाणही हेच होते. त्यामुळे लांब पल्ल्याच्या बहुतेक गाड्या या लहानशा गावी थांबत आल्या. मुंबईपासून सुमारे १३७ किमी.वर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मी. उंचीवर असलेल्या गावाला उत्तर व पूर्व भारताशी थेट जोडणारी गाडी मिळावी, हे तांत्रिक गरजेचे फार मोठे देणे आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झालेली मुंबई–शिर्डी वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. सुरुवातीला तिला इगतपुरीचा थांबा नव्हता. घाट चढण्यासाठी थांबण्याची गरज संपत जाईल, तसा येथील थांबा प्रवाशांसाठी म्हणून टिकवावा लागेल.

धम्मगिरी : सत्यनारायण गोएंका (१९२४–२०१३) यांच्या परंपरेतील विपश्यना केंद्र. येथे १९७६ पासून शिबिरे होतात. स्थानकापासून अंतर दीड-दोन किमी., म्हणजे सामान हलके असेल तर चालत, नाहीतर रिक्षाने. दहा दिवसांच्या शिबिराचे वेळापत्रक मोटारीला मुळातच प्रतिकूल आहे. सर्व साधक एकाच दिवशी दाखल होतात, अकराव्या दिवशी सकाळी एकदमच निघतात, आणि मधल्या काळात आवाराबाहेर जात नाहीत. आणलेली मोटार तेवढे दिवस नुसती उभी राहते. शिबिराचे, राहण्याचे व जेवणाचे शुल्क नसते. खर्च जुन्या साधकांच्या दानातून चालतो. साधकाच्या खिशातून नक्की जाणारी रक्कम प्रवासाचीच, म्हणून साधे तिकीट येथे मोलाचे ठरते. शिबिरात पाळायचे मौन दहाव्या दिवशी सुटते आणि बोलणे सुरू होते; परतीच्या रिक्षासाठी जोडीदार ठरवायला ही वेळ सोयीची असते. उत्तर अमेरिकेतील काही विपश्यना केंद्रे एका गावाहून येणाऱ्या साधकांची आधीच गाठ घालून देतात. शेकडो साधकांची तारीख व वेळ आधीच ठाऊक असताना अशी सोय इगतपुरीला करणे अवघड नाही.

रस्ता : मुंबई लोकलचे या मार्गावरील शेवटचे स्थानक कसारा, तेथून पुढे एसटी व सामायिक टॅक्सी. लोकल आणि टॅक्सी ही जोडी आरक्षण न मिळालेल्यांचा आधार आहे. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी–आमणे हा ७६ किमी.चा शेवटचा टप्पा खुला झाला. सुमारे ८ किमी.च्या जुळ्या बोगद्यामुळे मोटारीला घाट उरला नाही, आणि रेल्वेची बाजू तेवढी कमकुवत झाली.

यात्रा : मुंबईहून शिर्डीला जाणाऱ्या साई पालख्या घाट चढून इगतपुरी, घोटी, सिन्नर अशा पायी जातात, विशेषतः रामनवमीच्या सुमारास. गावाजवळच्या घाटनदेवीची यात्रा नवरात्रात असते. तालुक्यातील कावनई येथील कपिलधारा तीर्थ हे सिंहस्थाचे मूळ स्थान असल्याचे स्थानिक परंपरा सांगते. हे सर्वमान्य नाही. नाशिक–त्र्यंबकेश्वरच्या २०१५ च्या सिंहस्थात खाजगी वाहने शहराबाहेरच्या वाहनतळांवर थांबवून भाविकांना एसटीने आत नेले. पुढील सिंहस्थाची पर्वस्नाने २०२७ मध्ये आहेत. मुंबईकडून येणारा भाविक त्या बाह्य वाहनतळापर्यंत मोटार आणण्याऐवजी रेल्वेतच बसेल, अशी सोय घाटाखालीच करता येते.

गिर्यारोहण : कळसूबाई (१,६४६ मी.) इगतपुरी व अकोले तालुक्यांच्या सीमेवर. नेहमीची वाट बारी गावातून. रेल्वेने इगतपुरी किंवा कसारा, पुढे घोटीमार्गे एसटी अथवा जीप.

सायकल : घाटातील महामार्गावर सायकलसाठी वेगळी मार्गिका नाही.