शेतकरी, शेतमजूर आणि कर्करोगाची गणती

मोकळी हवा, अंगमेहनत आणि ताजे अन्न; शेतकऱ्याला कसला आलाय कर्करोग, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत असते. आश्चर्य म्हणजे अमेरिकेतील आकडे ती बरीचशी खरी ठरवतात. मृत्यूच्या दाखल्यांवर व्यवसायाची नोंद असते. त्या नोंदी चाळून झालेल्या पाहण्यांत शेतकरी फुप्फुसाच्या कर्करोगाने व हृदयविकाराने इतरांपेक्षा कमी मरतात असे दिसले. सिगारेट कमी ओढणे हे त्याचे एक मोठे कारण. पण रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा, तसेच ओठ, त्वचा व प्रोस्टेट यांचे कर्करोग मात्र त्यांच्यात जास्त आढळले. एकूण बेरीज चांगली असल्याने हा फरक झाकला जात होता.

कारणांचा शोध सुरू झाला. 1986 साली कॅन्सस राज्यातील अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षातून 20 हून अधिक दिवस तणनाशकांशी संबंध आलेल्या पुरुषांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा धोका सुमारे सहापट होता. मात्र अशा अभ्यासाची सारी भिस्त आठवणींवर. कित्येक वर्षांपूर्वी कोणते औषध मारले, हे रुग्णाला किंवा त्याच्या मागे राहिलेल्या नातेवाइकांना विचारायचे.

म्हणून 1993 साली आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना येथे आजार होण्याच्या आधीच नोंदी घेणारी मोठी पाहणी सरकारी संशोधन संस्थांनी हाती घेतली. फवारणीचा परवाना काढायला आलेल्या शेतकऱ्यांकडून प्रश्नावली भरून घेतली: औषध स्वतः कालवता का? हातमोजे घालता का? फवारणीचे यंत्र स्वतः दुरुस्त करता का? सुमारे 52,000 शेतकरी आणि 32,000 जोडीदार त्यात सामील झाले. 2003 साली या गटात प्रोस्टेटचा कर्करोग अपेक्षेपेक्षा सुमारे 14 टक्के जास्त आढळल्याचे प्रसिद्ध झाले. लिंडेन या कीटकनाशकाचा लिम्फोमाशी संबंध दिसला. उलट ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2015 साली 'बहुधा कर्करोगकारक' ठरवले, तरी 2018 च्या या पाहणीच्या अहवालात लिम्फोमाशी त्याचे नाते दिसले नाही. सर्वच औषधांना एका मापाने मोजता येत नाही, हे यातून कळते.

पण या पाहणीत कोण नव्हते, हेही पाहायला हवे. परवाना मुख्यतः शेताच्या मालकाकडे असतो. हंगामाबरोबर राज्याराज्यांतून फिरणारा, फळे तोडणारा मेक्सिकन मजूर परवान्याच्या रांगेत येतच नाही. त्याचा पत्ता वर्षातून अनेकदा बदलतो, आणि पुष्कळदा विमाही नसतो. कॅलिफोर्नियात संशोधकांनी शेतमजूर संघटनेच्या सभासदांच्या याद्या राज्याच्या कर्करोग नोंदणीशी ताडून पाहिल्या. 1987 ते 1997 या काळात राज्यातील इतर हिस्पॅनिक लोकांपेक्षा या सभासदांत रक्ताचा आणि जठराचा कर्करोग जास्त आढळला. संघटनेने नावे टिपून ठेवली होती, म्हणूनच हे समजू शकले.

तेव्हा शेतकरी निरोगी असतो असे कोणी आकड्यांनिशी सांगितले, तर मोजले ते मालकाला की मजुराला, एवढे अवश्य विचारावे. आपल्या टेबलावरची द्राक्षे आणि स्ट्रॉबेरी बहुधा दुसऱ्याच्याच हातून आलेली असतात.