कंसांची भाषा आणि तिच्या बोली

आमच्या गोव्यात ‘भाषा’ आणि ‘बोली’ हे दोन शब्द जरा जपूनच उच्चारावे लागतात. कोण कोणाची बोली, यावर इथे घराघरांत वाद झाले आहेत. त्यामुळे संगणकाच्या भाषांनाही बोली असतात असे वाचले, तेव्हा साहजिकच कान टवकारले. मी कलाशाखेचा पदवीधर, दिवसभर सरकारी फायली हलवणारा. पण लिस्प या भाषेचा इतिहास वाचायला गणित फारसे लागत नाही.

१९५८ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉन मॅकार्थी यांनी ती रचायला घेतली. आकडेमोड करणाऱ्या भाषा होत्याच. त्यांना यंत्राकडून चिन्हांवर काम करून घ्यायचे होते. एप्रिल १९६० च्या निबंधात त्यांनी ‘इव्हाल’ नावाचे एक फंक्शन दिले. लिस्पमधल्या कुठल्याही वाक्याचा अर्थ कसा लावायचा, हे त्यात लिस्पमध्येच सांगितले होते. भाषेचे व्याकरण त्याच भाषेत, आणि तेही पानभरात! मॅकार्थींच्या लेखी ते फक्त कागदावरचे होते. स्टीव्ह रसेल हा त्यांचा सहकारी म्हणाला, मी हे यंत्रावर उतरवतो. सिद्धान्त आणि व्यवहार यांत तुझी गल्लत होते आहे, असे मॅकार्थींनी सांगितले. त्याने ऐकले नाही. आयबीएम ७०४ वर लिस्प चालू लागली. तिचे ते प्रसिद्ध कंसही असेच राहून गेले. माणसांसाठी वेगळी, गणितासारखी दिसणारी लेखनपद्धत यायची होती, ती कधी पुरी झालीच नाही.

अर्थ लावणारे यंत्र पानभरात मावते म्हटल्यावर जो तो आपल्या सोयीने ते लिहू लागला. मॅकलिस्प, इंटरलिस्प, झेटालिस्प, फ्रांझ लिस्प... एकीतला प्रोग्राम दुसरीत चालेलच याची खात्री नाही.

यातला खरा वाद मला कचेरीच्या उदाहरणानेच कळला. परिपत्रकात ‘खातेप्रमुख’ असा शब्द आहे. परिपत्रक ज्या खात्यातून निघाले तिथला प्रमुख समजायचा, की ते जिथे वाचले जाते आहे तिथला? जुनी लिस्प दुसरा अर्थ घेई. फंक्शन लिहिले एकीकडे, बोलावले दुसरीकडे, की आतल्या नावाचा अर्थ बदललाच! मॅकार्थींना ही साधी चूक वाटली, रसेल दुरुस्त करील म्हणाले. पुढच्या अनेक लिस्प तीच रीत चालवत राहिल्या.

१९७५ साली एमआयटीतच जेराल्ड सस्मन आणि गाय स्टील यांनी एक छोटी लिस्प लिहिली. हेतू नवी भाषा काढण्याचा नव्हताच. कार्ल ह्युइट यांचा ‘अॅक्टर’ सिद्धान्त त्यांना समजून घ्यायचा होता. तिच्यात फंक्शन आपल्या जन्मस्थानचे संदर्भ सोबत घेऊन फिरते, म्हणजे परिपत्रक निघाले तिथलाच खातेप्रमुख. गंमत अशी, की अॅक्टर आणि फंक्शन यांच्यासाठी लिहिलेला मजकूर शेवटी एकच निघाला. नाव ठेवले होते ‘स्कीमर’, पण त्या यंत्रणेत फाइलच्या नावाला सहाच अक्षरांची मुभा, म्हणून ‘स्कीम’. (मर्यादा रकान्याची, नाव कायमचे, हा अनुभव आपल्याकडच्या शिधापत्रिकांवरही मिळतो.)

इकडे संरक्षण खात्याचा पैसा पुरवणाऱ्या आर्पाला इतक्या बोली परवडेनात. १९८१ मध्ये बैठक झाली आणि ‘कॉमन लिस्प’ची जुळवाजुळव सुरू झाली. ग्रंथ आला १९८४ मध्ये, पुन्हा गाय स्टील यांच्याच हातून. अमेरिकन प्रमाणसंस्थेचा शिक्का १९९४ मध्ये बसला. स्कीमचा संदर्भांचा नियम तिने उचलला, पण कोणालाही दुखवायचे नाही म्हणून बाकीचेही पुष्कळ ठेवले. पाने हजारावर गेली. स्कीमचा १९९८ चा अहवाल मात्र पन्नासेक पानांचा.

माझा कल स्कीमकडे आहे, हे लपवत नाही. पण तीही सुटली नाही. २००७ मधला तिचा नवा अहवाल बराच फुगला, सुमारे दोन तृतीयांश मतांनी मंजूर झाला, आणि काही स्कीमकर्त्यांनी तो पाळायचे नाकारले. २०१३ मध्ये पुन्हा छोटा अहवाल काढावा लागला. त्याआधी २०१० मध्ये पीएलटी स्कीमच्या मंडळींनी तर नावच टाकून ‘रॅकेट’ हे नवे घेतले. रॅकेटमध्ये फाइलच्या पहिल्याच ओळीत पुढचा मजकूर कोणत्या भाषेत आहे ते सांगायचे असते. आणि ती भाषा तुम्ही स्वतः घडवलेलीही चालते.