आउटरची कुळकथा

क्लचची वायर तुटली की गिऱ्हाईक तारेची चौकशी करतं: जाड आहे का, टोकाची गाठ पक्की आहे का. तार ज्या काळ्या नळीतून जाते त्या आउटरबद्दल सहसा कुणी विचारत नाही. हाताचा जोर चाकापर्यंत नेण्याच्या सव्वाशे वर्षांच्या खटपटीत खरा शोध मात्र त्या नळीचाच आहे.

पीळ दिलेली तार आधीपासून होती. जर्मनीतल्या हार्ट्स डोंगरातल्या खाणींसाठी विल्हेल्म आल्बर्ट यांनी १८३४ मध्ये तारेचा दोर वळला. साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली जाई; दोरातली एक तार तुटली तरी बाकीच्या भार पेलत. पण दोर सरळ रेषेत ओढतो, वळणावर त्याला कप्पी लागते. फिरत्या हँडलवर कप्प्या कुठे बसवणार? म्हणून सायकलींना सळयांचे ब्रेक असत. आपल्याकडच्या काळ्या, दणकट सायकलींवर ते कितीतरी वर्षं टिकले. स्प्लेंडरच्या मागच्या ड्रमब्रेकला तर अजूनही सळईच आहे. पेडल आणि चाक यांच्यामध्ये वळण नसल्यामुळे तिथे तिची काहीच अडचण होत नाही.

वळणाचा प्रश्न अर्नेस्ट मॉनिंग्टन बोडन या आयरिश माणसाने सोडवला. त्याचं पेटंट १८९६ चं. रॅले सायकलवाले फ्रँक बोडन वेगळे, पण आडनावामुळे श्रेय बऱ्याचदा त्यांच्या नावावर जमा होतं. बोडनने तारेभोवती तारेचंच घट्ट वेटोळं घातलं. हे वेटोळं हवं तसं वाकतं, पण लांबीत दबत नाही. आतली तार जेवढ्या जोराने ओढली जाते तेवढाच उलटा दाब आउटर सोसतं, म्हणूनच ओढ वळणावळणाने जाऊनही शाबूत पोहोचते. आउटर चेपलं किंवा त्याला तीव्र बाक आला, की लिव्हरचा निम्मा प्रवास वाटेतच खर्ची पडतो. १९७२ मध्ये आलेल्या बजाज चेतकचा गिअरसुद्धा डाव्या मुठीतून निघालेल्या दोन केबलींवर बदलायचा. बोडनच्या युक्तीवर आपल्याकडच्या किती घरांचा संसार चालला, हे त्यावरून समजतं.

पुढची पायरी तेलाची. अमेरिकेत माल्कम लॉकहीडने तारेऐवजी नळीतल्या द्रवाने दाब पोहोचवला आणि १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक आले. मोटारसायकलींच्या जगात १९६९ च्या होंडा सीबी ७५० ने तेलावरचा डिस्कब्रेक सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेला. आपल्याला बरीच वाट पाहावी लागली. १९८३ ची राजदूत ३५० एवढी वेगवान, पण तिला पुढेही ड्रमच होता. मोठ्या खपाच्या गाड्यांवर डिस्क रुळली ती १९९९ ची सीबीझेड आणि २००१ ची पल्सर यांच्यानंतर.

इथेही मर्म नळीतच आहे. द्रव दबत नाही, पण रबरी होज जुना झाला की दाबाने किंचित फुगतो; लिव्हर मऊ लागतो आणि जोर होज फुगवण्यात जातो. त्यावर उपाय म्हणजे आत टेफ्लॉनची नळी आणि वरून स्टीलच्या तारांची वीण. बोडनने तारेचं आवरण दबू दिलं नाही, या विणीने नळी फुगू दिली नाही.

हरसूलसारख्या गावात याचा कस लागतो. त्र्यंबकेश्वर तालुक्यातला हा डोंगराळ, धो धो पावसाचा भाग. आठवडे बाजाराला येणाऱ्या गाड्यांवर दोन माणसं आणि वर नागली-भाताचं पोतं असतं. पावसाचं पाणी केबलच्या वरच्या टोकातून आत झिरपतं, तार गंजते आणि एकेक पदर तुटू लागतो. ब्रेक ऑइलही हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ तेल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते. ओल मुरलेल्या तेलासाठी हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. वाघेऱ्याच्या घाटासारख्या उतारावर ब्रेक सतत दाबून धरला आणि तेल उकळलं तर नळीत वाफ होते. वाफ दबते, आणि लिव्हर मुठीला टेकला तरी चाक थांबत नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: विणलेली लाइन जरूर घ्यावी, पण आधी तेल बदलावं, हवा पूर्ण काढावी, बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घालावेत. केबल बदलताना तार आणि आउटर दोन्ही नवी घ्यावीत आणि हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून कुठे ताण येत नाही ना, ते पाहावं.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचे झाले. ड्रमवाल्या अनेक गाड्यांत पायाचा ब्रेक दाबला की एक केबल पुढचं चाकही आवळते. बोडनच्या तारेला मिळालेलं हे नवं काम. मागचा ब्रेक ताणताना ही केबलही तपासून घ्यायला मेकॅनिकला आवर्जून सांगावं.